दोन गुंठ्यांचा हक्क

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा कोकण किनाऱ्यावरच्या गावांत एक ते पाच गुंठ्यांचे रिकामे प्लॉट विकत घेण्याची चाल आता जुनी झाली आहे. घेणारा बहुधा मुंबई, ठाणे, पुणे किंवा कोल्हापूरचा नोकरदार असतो. कधी गावातून दोन पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेल्या घरातला. निवृत्तीची पुंजी हाताशी असते, समुद्राची ओढ असते आणि फ्लॅटपेक्षा जमीन बरी हा संस्कार असतो. या खरेदीला आधार देणाऱ्या समजुती चार आहेत. जमीन कधी बुडत नाही; सातबाऱ्यावर नाव चढले की मालकी पक्की; एनए झाले की बांधकामाची वाट मोकळी; आणि समुद्र जितका जवळ तितका प्लॉट मोलाचा. चारही समजुतींत सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्या टिकून आहेत. परंतु व्यवहार त्यांवर उभा केला की तो बसतो, कारण छोट्या प्लॉटच्या बाबतीत या चौघींनाही मोठे अपवाद आहेत आणि ते अपवाद नेमके किनाऱ्यावरच सापडतात. खरे पाहता अशा खरेदीत पैसे मोजले जातात ते बांधण्याच्या हक्काचे. कायदा, पाणी आणि वाट या तिघांनी मिळून त्या तुकड्यावर जेवढे घर उभे राहू दिले, तेवढेच त्याचे मोल. हे ओळखून घेतलेला, गावातल्या वस्तीत असलेला आणि काही वर्षांत बांधला जाणारा छोटा प्लॉट ही उत्तम खरेदी आहे.

पहिली समजूत भावाची. शेत पीक देते, घर भाडे देते, आगर नारळ-सुपारी देते. रिकामा प्लॉट दरसाल फक्त मागतो: स्थानिक कर, कुंपणाची डागडुजी, पावसाळ्यानंतर रान काढण्याची मजुरी. एवढे सगळे देऊनही तो वाढतो, असे म्हणणाऱ्यांच्या मनात दोन आकडे असतात. एक, जाहिरातीतला भाव; दुसरा, शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला दर. पहिला विकणाऱ्याची अपेक्षा सांगतो, दुसरा मुद्रांक शुल्क किती भरायचे ते सांगतो. गिऱ्हाईक प्रत्यक्षात काय देईल हे दोन्हींतून कळत नाही, आणि देवगडसारख्या गावात दोन गुंठ्यांच्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळायला किती काळ लागतो हे विकायला निघाल्यावरच उमगते.

भाववाढीच्या बोलण्यात रस्ता हमखास येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी संपले नाही. रेवस-रेड्डी सागरी मार्गाची चर्चा त्याहून कितीतरी जुनी आहे. दरम्यान या रस्त्यांच्या भरवशावर प्लॉट विकले गेले, पुन्हा विकले गेले, आणि रस्ता येण्याआधीच त्याची किंमत भावात शिरली. अलिबागचे उदाहरण याविरुद्ध दिले जाते, आणि ते खरे आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबाग मुंबईच्या हाताशी आले. पण अलिबागला जे घडले ते मुंबईच्या खाडीपलीकडे असल्यामुळे घडले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. तिने प्रवास सोपा केला, तरी मालवणचे अलिबाग झाले नाही. अंतर हे अंतरच राहते.

शिवाय रिकाम्या जागेला एक धोका असतो, जो बांधलेल्या जागेला सहसा नसतो. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागण्याचा दावा, समोरच्याचा ताबा मालकाच्या विरुद्ध झाल्यापासून बारा वर्षांत करावा लागतो. शेजाऱ्याचा गडगा दोन फूट सरकला, परस वाढले, गोठ्याची पडवी आली, आणि मालक पुण्यात बसून दिवाळीला एकदा येऊन गाडीतूनच प्लॉट पाहून गेला, तर बारा वर्षे फार लवकर भरतात.

दुसरी समजूत सातबाऱ्याची, आणि कोकणात सर्वाधिक नुकसान हिनेच केले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द खरेदीदार वाचत नाही. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) आणि त्यानंतरच्या अनेक निकालांत सांगितले आहे. मालकी येते ती दस्तातून, वारसातून, वाटपातून. सातबारा तिची सावली दाखवतो, आणि कोकणात ती सावली बऱ्याचदा पन्नास वर्षे जुनी असते.

एखादा नेहमीचा किनारी सातबारा नीट वाचून पाहावा. वर भूधारणा पद्धत असते: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, यावरच निम्मा निकाल लागतो, कारण वर्ग २ ची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. खाली खातेदारांची नावे. एका नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ लिहिलेले असते. म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा कारभारी होता आणि त्याच्यामागे नावे न लागलेले भाऊ-पुतणे आहेत. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असते, म्हणजे नोंदीच्या वेळी तो अज्ञान होता. आता त्याची नातवंडे असतील. काही नावांना कंस केलेला असतो, म्हणजे ती कमी झाली. पण ती कशाने कमी झाली हे फक्त बाजूला वर्तुळात लिहिलेल्या फेरफार क्रमांकावरून कळते, आणि तो फेरफार काढून वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. कधी तो फेरफार साध्या तोंडी वाटपाचा असतो. कधी बहिणींच्या हक्कसोडीचा असतो आणि हक्कसोडपत्र मात्र नोंदलेलेच नसते. उजवीकडे ‘इतर अधिकार’ या रकान्यात खरी गोष्ट दडलेली असते: कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, शेजाऱ्याचा विहिरीवरचा हक्क, वहिवाटीची वाट, कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा.

कोकणात कुळाची नोंद विशेष गंभीर असते, कारण इथली बहुतेक जमीन खोतीतून आणि कुळवहिवाटीतून आली आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्यांनी विकत घेतलेल्या जमिनीवर कलम ४३ चे निर्बंध बसले. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ते निर्बंध दूर करण्याची सोय झाली. पण ती सोय वापरली गेली आहे का हे कागदावर दिसले पाहिजे. ‘आता त्याला काही होत नाही’ या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

याहून अवघड प्रश्न वारसांचा. गाव सोडून गिरणगावात गेलेल्या पिढीची नावे तशीच राहिली. मयतांचे वारस लागले ते अर्धेमुर्धे लागले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना सहदायकत्व दिले, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) या निकालाने हा हक्क जन्माने मिळतो, वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्यावर तो अवलंबून नाही, हे नक्की केले. तरीही गावचा एक भाऊ ‘माझ्या वाट्याचे दोन गुंठे’ विकतो आणि मुंबईचा माणूस ते घेतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त जमिनीतल्या सहहिस्सेदाराकडून घेणाऱ्याला त्याचा हिस्सा मिळतो. दाखवलेला कोपरा, कलमांची रांग, रस्त्याकडची बाजू मिळत नाही. ते मिळवायला वाटपाचा दावा लागतो. दावा लावला की त्या गावात राहायला जाण्याची हौस उरत नाही, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे.

मुखत्यारपत्र आणि नोटरीपुढचे साठेखत यांच्या जोरावर होणाऱ्या विक्रीबद्दल वाद राहिलेलाच नाही. सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले की अशा कागदांनी स्थावराची मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. तरीही स्वस्त म्हणून असे प्लॉट घेतले जातात.

तिसरी समजूत ‘एनए’ची. ‘कलेक्टर एनए प्लॉट’ असे फलकावर लिहिले की घेणारा निर्धास्त होतो. बिनशेती म्हणजे जमिनीचा वापर बदलला आणि आकारणी बदलली. बांधकामाची परवानगी ही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालची वेगळी बाब आहे. ती नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामीण भागात संबंधित नियोजन प्राधिकारी देतो. २०१४ नंतर जमीन महसूल संहितेत कलम ४२ पाठोपाठ नवी कलमे येत गेली आणि विकास आराखड्यातल्या किंवा गावठाणालगतच्या जमिनींना स्वतंत्र सनदेची गरज कमी होत गेली. हा बदल स्वागतार्ह आहे. पण त्यामुळे ‘एनए’ या शब्दाचा भरवसा आणखी कमी झाला, कारण तो शब्द आता अनेक वेगवेगळ्या अवस्थांना लावला जातो. पाहायचे ते मंजूर रेखांकन: त्यावर प्लॉटचा क्रमांक, आतला रस्ता, त्याची रुंदी, मोकळी जागा, आणि मंजुरी देणाऱ्याची सही व शिक्का.

मंजूर रेखांकनावाचून शेताचे तुकडे पाडून विकणे ही वेगळीच गोष्ट. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यासाठीच आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे ठरवले. त्याहून लहान शेतीचा तुकडा घेणारा कायद्याच्या विरोधात उभा असतो. गुंठेवारी नियमित करण्याचे कायदे आणि सवलती वेळोवेळी आल्या, पुढेही येतील. पण पुढे कधीतरी नियमित होईल या आशेवर आज पूर्ण भाव देणे म्हणजे दुसऱ्याची जोखीम आपल्या पैशाने विकत घेणे होय. स्थावर संपदा कायद्याचा आधारही लक्षात ठेवावा. नियोजन क्षेत्रात पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला महारेराकडे नोंदणी करावी लागते. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहून किंचित कमी. एकरभर जमिनीचे पंधरा प्लॉट पाडणाऱ्याने नोंदणी क्रमांक दाखवला नाही, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

परवानगीही मिळाली, तरी प्लॉटवर बसते किती हा प्रश्न उरतो, आणि तो आकड्यांनीच समजतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ फूट रुंद आणि ६६ फूट खोल प्लॉट म्हणजे बरोबर दोन गुंठे. समजा रस्त्याकडून दहा फूट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी पाच-पाच फूट सामासिक अंतर सोडायचे आहे. मग घराला मिळतात २३ गुणिले ५१, म्हणजे ११७३ चौरस फूट. चार माणसांचे घर, ओटी आणि पुढे अंगण यात नीट बसते. आता तेच दोन गुंठे साडेसोळा फूट रुंद आणि १३२ फूट खोल असे घ्यावेत. क्षेत्र तेच, सातबाऱ्यावरचा आकडा तोच, खरेदीखतातली किंमत बहुधा तीच. सामासिक अंतरे वजा जाता घराला रुंदी उरते साडेसहा फूट. त्यात खाट आडवी टाकली की दार उघडत नाही. नियम दाट वस्तीत सवलत देतात, काही ठिकाणी भिंतीला भिंत लावून बांधता येते. तरी हा हिशेब कागदावर मांडल्यावाचून भाव बोलूच नये.

हे उदाहरण हवेतले नाही. गुहागरसारख्या गावाची ठेवण पाहावी: किनाऱ्याला समांतर एक रस्ता, त्याला लागून घरे, आणि घरांमागे समुद्रापर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या अरुंद, लांब वाड्या. अशा वाडीचे दोन भावांत उभे वाटप झाले की पट्टे निम्म्याने अरुंद होतात. आडवे झाले की मागच्या भावाला रस्ता राहत नाही. वाटप शेतीसाठी शहाणपणाचे होते, कारण दोघांनाही विहिरीचा पाट, सावली आणि समुद्राचा वारा सारखा मिळत होता. घरासाठी तेच वाटप अडचणीचे ठरते. म्हणून किनारी गावात प्लॉटच्या क्षेत्राआधी त्याची रुंदी विचारावी.

चौथी समजूत समुद्राच्या सान्निध्याची. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, दुसरी जानेवारी २०११ मध्ये, आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ रोजी. तिन्हींत मोजणी सुरू होते उच्चतम भरती रेषेपासून. ही रेषा म्हणजे प्लॉट बघायला गेलेल्या दिवशी दिसलेला पाण्याचा काठ नव्हे; ती ठरवण्याचे काम चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे आणि ती किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. रेषेपासून जमिनीकडे पाचशे मीटरपर्यंत नियमन लागते. ग्रामीण भागात २०११ च्या नियमांनी पहिले दोनशे मीटर ना-विकास क्षेत्र ठेवले. २०१९ मध्ये दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांसाठी ही मर्यादा पन्नास मीटरवर आणली गेली, बाकीच्या गावांना दोनशेच राहिली. नगरपालिका हद्दीतल्या विकसित भागात आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येते. म्हणजे ‘सी-टच’ म्हणून जो तुकडा सर्वांत महाग विकला जातो, त्यावरच घर बांधण्याचा हक्क सर्वांत कमी असतो.

खाडी विसरली जाते. भरतीचे पाणी जिथवर पोचते तिथवर काठाला हे नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेत त्याची मर्यादा पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ती. वाशिष्ठीत भरती दाभोळपासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते, म्हणजे समुद्र डोळ्यांना दिसतही नाही अशा ठिकाणी नियम मात्र समुद्राचाच असतो. त्यात कांदळवन आले तर बंधन आणखी कडक: मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकामाला मज्जाव केला आहे.

नियम मोडूनही बांधकामे होतात आणि काही होत नाही, असे उत्तर यावर हमखास मिळते. केरळमध्ये कोचीजवळच्या मराडू येथील चार इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी पाडल्या गेल्या. तिथल्या घरमालकांकडे खरेदीखते होती, परवानग्या होत्या, कराच्या पावत्या होत्या. किनारा नियमनापुढे त्यातला एकही कागद उभा राहिला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी समुद्र राहतोच. मालवण तालुक्यातले देवबाग हे कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे आणि तिथे दोन्हीकडून जमीन खचते. रत्नागिरीजवळ मिऱ्या इथे धूप थांबवायला बंधारा घालावा लागला आणि तो पुन्हापुन्हा बांधावा लागला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्याला धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि घरांवरची कौले, पत्रे उडवले. पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने मालवण-देवगडला झोडपले. वाडीची जुनी घरे रस्त्याकडे आणि झाडे समुद्राकडे, ही रचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेली आहे. जुना कोकणी माणूस समुद्राच्या तोंडावर घर बांधत नसे. त्याच्याकडे समुद्राकाठची जमीन होती, तरीही.

आता दुसऱ्या टोकाचे म्हणणे. छोटा प्लॉट घेऊच नये, घ्यायची तर एकर-दोन एकर जमीन घ्यावी, असे सांगणारे पुष्कळ आहेत. शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. खोट्या शेतकरी दाखल्यावर घेतली तर कलम ८४-क खाली व्यवहारच रद्द होऊ शकतो. पण कायद्यापेक्षा मोठा मुद्दा माणसांचा आहे. एकरभर जमिनीला राखण, पाणी आणि रोजचा हात लागतो. तो नसेल तर दोन पावसाळ्यांत रान माजते आणि उन्हाळ्यात वणवा लागतो. स्वतः न राहणाऱ्याला एकर झेपत नाही. दोन गुंठे झेपतात.

आणखी एक आक्षेप अधिक मनापासूनचा आहे आणि तो हलक्यात घेता येणार नाही: बाहेरच्यांच्या प्लॉटांनी कोकण उजाड होते. सड्यावर हे घडते आहे. जांभ्याचा कातळ जेसीबीने तासून, मधल्या पाणवठ्यांवर भराव टाकून तिथे रेखांकने होतात. त्याच सड्यांवर रत्नागिरी-राजापूर भागातली कातळशिल्पे आहेत, ज्यांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. अशा ठिकाणचा प्लॉट, कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये. तिथे पाणी नाही, वस्ती नाही, आणि त्याच्यासाठी जे मोडले जाते ते परत येत नाही. पण हाच आक्षेप गावातल्या वस्तीला लावणे चूक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली: रत्नागिरी सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर, सिंधुदुर्ग ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. या गावांत बंद घरे आणि पडीक जागा पुष्कळ आहेत, माणसे नाहीत. वस्तीतल्या रिकाम्या जागेवर एक घर उभे राहिले, त्यात वर्षातले आठ महिने माणसे राहिली, त्यांनी गावातल्या दुकानात वाणसामान घेतले आणि गावातल्या गवंड्याला काम दिले, तर गावाचे काही बिघडत नाही. बिघडते ते दहा वर्षे कुंपणाआड रिकामा ठेवलेल्या प्लॉटने, कारण त्याने भाव चढतो आणि गावातल्याच तरुण जोडप्याला घरासाठी जागा मिळेनाशी होते.

म्हणून प्लॉट निवडायचा तो गावठाणात किंवा त्याला लागून, रस्त्यावर, समुद्रापासून चार पावले मागे. छोट्या घराला इथे कायदाही अनुकूल आहे: २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचा प्रस्ताव राज्याच्या किनारा प्राधिकरणापर्यंत न जाता स्थानिक संस्थेच्या पातळीवर, नियम तपासून, मंजूर होऊ शकतो. ग्रामीण पट्ट्यात नऊ मीटर उंची आणि तळमजल्यावर एक मजला ही चौकट दोन गुंठ्यांच्या घराला पुरेशी आहे. जांभ्याचा चिरा स्थानिक आहे आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंड जसे फुलते तसा तो फुलत नाही. सळईचा वापर कमी आणि चिऱ्याचा जास्त असे घर किनाऱ्यावर अधिक वर्षे टिकते.

पाण्याची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि ती मे महिन्यातच करायची असते. वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभा पाणी पितो तितक्याच वेगाने सोडतो. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगत असते. गायबेन आणि हर्झबर्ग यांनी मांडलेल्या नियमाप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचाच अर्थ असा की उपशाने पातळी एक फूट उतरली की खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. शेजारच्या लॉजने खोल बोअर मारून टँकर भरायला सुरुवात केली, की आळीतल्या विहिरी मचूळ होतात, त्या या कारणाने. प्लॉट पाहायला जाणाऱ्याने मे महिन्यात शेजारच्या विहिरीचे पाणी चाखावे, आणि शेजारच्या घरातल्या बाईंना विचारावे की आमसुलाचे सार कोणत्या पाण्याचे करता. पिण्याचे पाणी नळाचे आणि विहिरीचे फक्त वापरायला, असे उत्तर आले तर विहीर केव्हापासून बिघडली तेही विचारावे.

सांडपाणी याच प्रश्नाची दुसरी बाजू. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा असे भारतीय मानक सांगते. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. ३३ गुणिले ६६ च्या प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात विहीर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा एवढीच एक मांडणी जमते, आणि तीही शेजाऱ्याची विहीर त्याच कुंपणाला लागून नसेल तर. सच्छिद्र जांभ्यात हे अंतर पाळणे आणखी गरजेचे. जिथे नगरपरिषदेचे नळाचे पाणी आहे तिथला प्लॉट थोडा महाग पडला तरी घ्यावा.

वाट ही तिसरी परीक्षा. पाखाडीवरून चालत जाता येते म्हणजे प्लॉटला रस्ता आहे असे नव्हे. चिरे आणि वाळूचा डंपर कुठवर येणार हे पाहावे लागते. विक्रेता ‘वहिवाट आहे’ म्हणतो. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला हक्काचे रूप दिले आहे, पण ती वाट पायी होती की गाडीची, यावर हक्काची मर्यादा ठरते. वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्याची संमती खरेदीखतातच, नकाशासह, नोंदवून घ्यावी.

पैसे देण्याचा क्रमही उलटा करावा लागतो. रूढ पद्धत आधी बयाणा, मग कागद, आणि मोजणी कधीतरी. बयाणा नाममात्र ठेवून आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणी विक्रेत्याकडून करवून घ्यावी. भूकरमापक खुणा दाखवेल तेव्हा चारही बाजूंचे शेजारी हजर हवेत. वाद असेल तर तो त्या दिवशी बाहेर येतो आणि त्यासारखा स्वस्त दिवस पुढे मिळत नाही. ‘क’ प्रत हाती आल्यावर तीस वर्षांचा शोध, सगळे जुने फेरफार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, आणि सर्व हिस्सेदारांच्या सह्या, बहिणींच्यासुद्धा. प्लॉट ना-विकास क्षेत्रात येतो का याचा लेखी दाखला किंवा आराखड्याचा उतारा. मग खरेदीखत, नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार रुपये. त्यानंतर फेरफाराची नोटीस हिस्सेदारांना जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की त्याच हंगामात चिऱ्याचा गडगा घालावा, फाटक बसवावे आणि बांधकामाचा नकाशा नगररचनेच्या नियमांप्रमाणे आखायला स्थानिक वास्तुविशारदाकडे द्यावा.